सुई-दोऱ्याची सोबत: विणकाम-भरतकामाचा छंद इतरांबरोबर जोपासताना

विणकाम किंवा भरतकाम एकट्याने शिकलेला माणूस पहिल्यांदा दुसऱ्या विणणाऱ्याशेजारी बसतो, तेव्हा तो थोडासा गोंधळतो. दोघांच्या हातात सुया असतात, दोघांच्या मांडीवर लोकरीचा गुंडा असतो, आणि तरीही एकाच टाक्याला दोघे वेगळे नाव देतात, लोकर वेगवेगळ्या हातात धरतात आणि ‘आठ नंबरची सुई’ म्हटल्यावर दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या जाडीच्या सुया उभ्या राहतात. माझ्या मते या छंदात सोबती मिळवणे फारसे अवघड नाही; अवघड आहे ते आपले काम दुसऱ्याला वाचता येईल अशा स्थितीत ठेवणे आणि दुसऱ्याचे काम त्याच्या पद्धतीने वाचायला शिकणे. ज्यांना सुलट आणि उलट टाका येतो, किंवा धावदोरा, साखळी टाका आणि गाठीचा टाका येतो, पण ज्यांनी आजवर घरातल्या घरातच काम केले आहे, अशा नवशिक्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

पहिली पायरी: किती जण आणि कोठे

सुरुवात दोघा-तिघांपासून करावी. मोठ्या मंडळाची स्वप्ने पाहण्यात महिने जातात आणि एकही ओळ विणून होत नाही. संघटित मंडळांना या छंदात जुनी परंपरा आहे, हे खरे. इंग्लंडमधील ‘एम्ब्रॉयडरर्स गिल्ड’ १९०६ साली स्थापन झाली, तीही भरतकामाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या मोजक्याच व्यक्तींच्या पुढाकाराने. २००५ पासून दरवर्षी जून महिन्यात अनेक देशांतील विणणारे लोक ठरवून घराबाहेर, उद्यानात किंवा चौकात एकत्र बसून विणतात. अशा उपक्रमात सामील होणे सोपे असते, कारण तेथे ओळख करून द्यायला वेगळे काही बोलावे लागत नाही, हातातील काम पुरेसे असते. मात्र नियमित बैठकीसाठी पाच-सहा जणांचा गट मला सर्वांत सोयीचा वाटतो. आठ-दहा जण झाले की एका टेबलावर दोन वेगळी संभाषणे सुरू होतात आणि नवीन आलेली व्यक्ती दोन्हींच्या मध्ये अडकते.

जागेबाबत दोनच गोष्टी पाहाव्यात. भरतकाम करणाऱ्याला भरपूर उजेड आणि टेबल लागते, तर विणणाऱ्याला कोपर हलवायला मोकळी जागा, म्हणजे हात नसलेली खुर्ची लागते. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

दुसरी पायरी: बरोबर काय न्यावे

पहिल्या भेटीला आपले सर्वांत चांगले, पूर्ण झालेले काम घेऊन जाण्याचा मोह होतो. ते जरूर न्यावे, पण त्याच्याबरोबर चालू असलेले, अर्धवट कामही न्यावे, कारण खरे बोलणे त्यावरच होते. पूर्ण झालेली शाल पाहून लोक कौतुक करतात आणि ती घडी करून परत देतात. सुईवर असलेल्या कामाबद्दल मात्र प्रश्न विचारले जातात: कड गुंडाळली जाते आहे का, हा रंग कोठे बदलला, ही ओळ पुन्हा विणली का.

चालू काम निवडताना ते बोलता बोलता करता येईल असेच निवडावे. मी स्वतः पहिल्या बैठकीला जाळीची शाल घेऊन गेले होते. तिच्या वेलबुट्टीची पुनरावृत्ती चोवीस टाक्यांची होती आणि प्रत्येक ओळीत आलेख पाहावा लागत असे. त्या संध्याकाळी विणलेल्या सहाच्या सहा ओळी मला दुसऱ्या दिवशी घरी बसून उसवाव्या लागल्या. तेव्हापासून बैठकीसाठी मी नेहमी सरळ वीण, मोज्याचा पायाचा भाग किंवा एकाच रंगाने भरायचा कपडा राखून ठेवते. पिशवीत लहान कात्री, मोजपट्टी, बोथट टोकाची सुई, दोन-चार खुणेच्या कड्या, एक क्रोशाची सुई, पेन्सिल आणि वही असली की पुरते. क्रोशाची सुई विणणाऱ्यालाही हवीच, कारण गळलेला टाका वर चढवायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: आपल्या कामाची उलट बाजू स्वतःहून दाखवावी. दोरा कोठे सुरू केला, कोठे संपवला, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून किती लांब नेला, दोन रंगांच्या विणीत मागचे पदर ओढले गेले आहेत का, हे सगळे मागच्या बाजूला दिसते आणि शिकण्यासारखे बहुतेक तेथेच असते. दुसऱ्याचे भरतकाम मात्र विचारल्याशिवाय उलटून पाहू नये. काही लोकांना ती झडती वाटते.

तिसरी पायरी: शब्द आणि मापे जुळवून घेणे

ही पायरी नवशिके सहसा गाळतात आणि पुढचे निम्मे घोटाळे येथूनच सुरू होतात, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवावा.

सुयांपासून सुरुवात करू. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते. परिणामी ब्रिटिश आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकन आठ नंबरची ५ मिलिमीटरची. एका मैत्रिणीने ‘आठ नंबरवर विणले’ असे सांगितले आणि दुसरीने आपल्याकडची आठ नंबरची सुई उचलली, तर तयार होणाऱ्या स्वेटरमध्ये एखादा लहान भाऊ मावेल इतका फरक पडू शकतो. यावर उपाय साधा आहे. सुयांचे नंबर सोडून द्यावेत आणि सर्वांनी मिलिमीटरमध्येच बोलावे. जुन्या सुयांवर माप पुसले गेले असेल, तर भोके पाडलेली मापक पट्टी गटात एक तरी असावी.

क्रोशाच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकन नमुन्यांत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यांत ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकन नमुन्यांत ‘डबल क्रोशे’ असतो आणि ब्रिटिश नमुन्यांत ‘ट्रेबल’. म्हणजे ‘डबल क्रोशे’ हे दोनच शब्द वाचून कोणता टाका घालायचा ते कळू शकत नाही. नमुन्यात कोठेही ‘सिंगल क्रोशे’ आलेले दिसले, तर तो अमेरिकन पद्धतीचा समजावा. ते नसेल, तर ओळीच्या सुरुवातीला किती साखळ्या घ्यायला सांगितल्या आहेत ते पाहावे. त्या टाक्यासाठी एक साखळी असेल तर मुका खांब आणि तीन असतील तर खांब, असा ताळा बहुधा लागतो. मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि साखळी हे आपले शब्द या बाबतीत नि:संदिग्ध आहेत, त्यामुळे गटात बोलताना तेच वापरावेत आणि परका नमुना वाटण्यापूर्वी समासात आपले शब्द लिहून द्यावेत.

लोकरीच्या जाडीबद्दल बोलताना पदरांच्या संख्येवर विसंबू नये. चार पदरी लोकर म्हणजे चार धागे पिळून केलेली लोकर एवढेच; ते धागे किती जाड आहेत हे त्यातून कळत नाही. काही देशांत हाच शब्द ठरावीक जाडीसाठी वापरला जातो. ऑस्ट्रेलियात ज्या जाडीला आठ पदरी म्हणतात, तिला ब्रिटनमध्ये ‘डबल निटिंग’ म्हणतात, मग प्रत्यक्षात त्यात पदर कितीही असोत. अमेरिकेतील क्राफ्ट यार्न कौन्सिलने जाडीसाठी ० ते ७ असे आकडे ठरवले आहेत, आणि या आकड्यांत ‘डबल निटिंग’ ३ मध्ये बसते. गुंड्याच्या कागदी आवरणावर यांपैकी काहीच नसेल, तर ५० ग्रॅममध्ये किती मीटर लोकर आहे ते पाहावे: मीटर जितके जास्त, तितकी लोकर बारीक. आवरणच हरवले असेल, तर लोकर मोजपट्टीवर न ताणता, एकमेकांना टेकतील असे वेढे देऊन गुंडाळावी आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजावे. दोन अनोळखी गुंड्यांची जाडी जुळते का, हे ठरवायला ही युक्ती उत्तम आहे.

भरतकामात तुलनेने कमी गोंधळ आहे. क्रॉस स्टिचसाठी (फुलीच्या टाक्यासाठी) कापड ठरवताना एका इंचात किती घरे आहेत ते सांगावे. १४० फुल्या रुंद असलेले चित्र १४ घरांच्या कापडावर १० इंच रुंद होते आणि १८ घरांच्या कापडावर ८ इंचांपेक्षाही थोडे कमी, म्हणून केवळ ‘मोठे चित्र’ किंवा ‘लहान चित्र’ म्हणून काही सांगितल्यासारखे होत नाही. दोरा सहा पदरी असतो आणि त्यातून किती पदर वेगळे काढून वापरले हेही सांगावे. १४ घरांच्या कापडावर बहुधा दोन पदर पुरतात. रंग मात्र नावाने कधीही सांगू नये. ‘फिकट गुलाबी’ प्रत्येकाचा निराळा असतो, कंपनीचा रंगक्रमांक मात्र एकच असतो. डीएमसी या दोरा बनवणाऱ्या कंपनीचा ३१० म्हणजे काळा, हे जगात कोठेही तेवढेच खरे असते.

चौथी पायरी: नमुन्याचा तुकडा आणि नोंदीचे कार्ड

मोठ्या कामाआधी नमुन्याचा लहान तुकडा विणून पाहणे अनेकांना कंटाळवाणे वाटते. एकट्यासाठी विणताना तो टाळून चालतही असेल, पण आपले काम दुसऱ्याने करावे असे वाटत असेल तर त्याला पर्याय नाही, कारण प्रत्येकाचा हात वेगळा असतो. समजा, माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात आणि १०० सेंटिमीटर घेराच्या स्वेटरसाठी मी २२० टाके घातले. ज्या व्यक्तीचा हात सैल आहे आणि जिच्या १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात, तिने माझेच २२० टाके घातले तर घेर ११० सेंटिमीटर होईल. हात घट्ट असून २४ टाके बसत असतील, तर घेर ९२ सेंटिमीटरच्या आसपास येईल. तीच लोकर, त्याच सुया, तोच नमुना, आणि तिघांचे स्वेटर तीन मापांचे. यात कोणाचे चुकलेले नसते. सैल हात हा दोष मानू नये, सुई अर्धा मिलिमीटर बारीक घेऊन पुन्हा मोजावे.

तुकडा किमान १५ सेंटिमीटरचा विणून, धुऊन, सपाट वाळवून मगच मधल्या भागात मोजावा. काठाचे टाके नेहमीच वेडेवाकडे असतात आणि धुतल्यावर लोकर थोडी पसरते किंवा आटते.

या तुकड्याला कार्ड जोडावे. त्यावर लोकरीचे नाव, रंगाचा आणि रंगवणीच्या घाण्याचा (एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा, म्हणजे ‘डाय लॉट’चा) क्रमांक, सुईचे माप मिलिमीटरमध्ये, १० सेंटिमीटरमधील टाके आणि ओळी, विणीचे नाव आणि धुतल्यानंतर काय झाले ते लिहावे. भरतकामासाठी कापडाची घरे, पदरांची संख्या, रंगक्रमांक आणि सुईचा क्रमांक लिहावा. अशा दहा-बारा कार्डांची फाइल कोणत्याही दीर्घ वर्णनापेक्षा उपयोगी पडते. समोरच्याला ती हातात घेऊन बघता येते, ताणून बघता येते.

ही कल्पना काही नवीन नाही. युरोपात १५२०च्या दशकात भरतकामाचे छापील नमुने निघू लागले, पण ते सहजासहजी कोणाच्या हाती पडत नसत, आणि त्यामुळे भरतकाम करणाऱ्या स्त्रिया पाहिलेले टाके आणि वेलबुट्ट्या एका कापडाच्या पट्टीवर भरून ठेवत. अशा पट्टीला सँपलर म्हणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने केलेला, १५९८ हे साल भरलेला सँपलर आहे. जुन्या सँपलरांत काही आकृत्या अर्धवट सोडलेल्या दिसतात, कारण पुढे लागेल तेव्हा आठवावे एवढाच त्यांचा उपयोग होता. आपल्या कार्डांकडेही तसेच पाहावे. ती सुबक असण्याची गरज नाही.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या सुया हातात घेण्यापूर्वी

गटात बसले की लवकरच कोणीतरी आपले काम पुढे करून ‘हे जरा बघता का’ असे म्हणते. मदत करण्याची घाई येथे सर्वांत महागात पडते.

प्रथम विचारावे की तिला काय हवे आहे. तिला चूक दुरुस्त करून हवी आहे, कशी झाली ते समजून घ्यायचे आहे, की ‘आता उसवावे का’ या प्रश्नावर फक्त दुसरे मत हवे आहे? या तीन गोष्टींना तीन वेगळी उत्तरे आहेत. न विचारलेली चूक दाखवू नये, असा माझा नियम आहे. त्याला अपवाद एकच, तो म्हणजे पुढे विणत गेल्यास उसवण्याचे काम वाढणार असेल तेव्हा. बाही जोडून झाल्यावर खांद्याच्या ओळीत एक टाका उलट पडला आहे हे सांगून कोणाचेही भले होत नाही.

त्यानंतर सुईवर टाके कसे बसले आहेत ते पाहावे. प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे आणि एक मागे. डाव्या हातातील सुईवर टोकाकडचा पाय पुढच्या बाजूला असेल, तर बहुसंख्य नमुन्यांत गृहीत धरलेली पद्धत वापरली आहे असे समजावे. काही लोकांच्या सुईवर मात्र तोच पाय मागच्या बाजूला असतो, आणि ते टाक्यात मागून सुई घालून विणतात. त्यांचे कापड अगदी व्यवस्थित येते. परंतु आपण आपल्या सवयीने अशा टाक्यात पुढून सुई घातली, की तो पिळला जातो, आणि आपण मदत म्हणून विणलेली ती एकच ओळ आयुष्यभर वेगळी दिसत राहते. मी असे एकदा केले आहे. समोरची व्यक्ती काही बोलली नाही. तिने ती ओळ माझ्यासमोरच शांतपणे उसवली.

लोकर धरण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. कोणी ती उजव्या हातात धरून प्रत्येक टाक्याला सुईभोवती टाकतो, कोणी डाव्या बोटावर ताणून ठेवतो आणि सुईच्या टोकाने उचलून घेतो. पोर्तुगालमध्ये आणि अँडीज पर्वतातील काही भागांत लोकर गळ्याभोवतून किंवा छातीवरच्या पिनेतून आणून अंगठ्याने सुईवर सरकवतात, आणि या पद्धतीत उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सोपा जातो. यांपैकी कोणतीही पद्धत ‘चुकीची’ म्हणून सुधारायला जाऊ नये. कापड नीट येत असेल आणि मनगट दुखत नसेल, तर पद्धत योग्यच आहे.

दुरुस्ती करायचीच असेल, तर टाका गळला असल्यास तो लगेच खुणेच्या कडीत अडकवून थांबवावा, मग क्रोशाच्या सुईने शिडीची एकेक पायरी पकडत वर चढवून दाखवावा आणि मालकिणीला सुईवर चढवू द्यावा. ओळी विणून देऊ नयेत. आपला हात तिच्या हातापेक्षा वेगळा असल्यामुळे मध्येच चार ओळी घट्ट किंवा सैल आल्या, तर तो पट्टा धुतल्यावरही पूर्ण जात नाही. अनेक ओळी मागे जायचे असेल, तर चुकीच्या खालच्या ओळीतील सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा आधी ओवून घ्यावा आणि मगच उसवावे. त्या दोऱ्यापाशी येऊन उसवणे आपोआप थांबते.

सहावी पायरी: अगदी नव्याला शिकवणे

थोडेफार येऊ लागले की आपल्यालाही कोणीतरी शिकवायला सांगते, आणि ते टाळू नये, कारण शिकवताना आपला हात नेमके काय करतो हे आपल्यालाच पहिल्यांदा कळते. साहित्य फिकट रंगाचे, गुळगुळीत आणि मध्यम जाडीचे घ्यावे. काळ्या किंवा केसाळ लोकरीत नवशिक्याला टाका दिसतच नाही. सुया ४.५ किंवा ५ मिलिमीटरच्या आणि शक्यतो लाकडी किंवा बांबूच्या असाव्यात, कारण धातूच्या सुयांवरून टाके पटकन घसरतात. वीस टाके आपणच घालून, पहिल्या दोन ओळी विणून द्याव्यात. टाके घालणे ही सुरुवातीला येणारी पण सुरुवातीला शिकायला सर्वांत कठीण गोष्ट आहे आणि पहिली ओळ तर अनुभवी माणसालाही डोकेदुखी असते.

शेजारी बसून शिकवावे, समोर बसून नव्हे, नाहीतर डावे-उजवे उलटे दिसते. शिकणारी व्यक्ती डावखुरी असेल आणि शिकवणारी उजवी, तेव्हा मात्र समोर बसणेच सोयीचे, कारण आरशासारखे हुबेहूब अनुकरण करता येते. आपल्याजवळ सुयांचा दुसरा जोड ठेवावा आणि तिच्याबरोबर त्याच गतीने विणत राहावे. तिच्या हातातील सुया ओढून घेऊन ‘असे बघ’ म्हणण्याची ऊर्मी मला आजही आवरावी लागते.

भरतकाम शिकवताना रिंगमध्ये कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताणलेले असावे आणि दोरा सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंतच घ्यावा. वारंवार सुई ओवावी लागू नये म्हणून नवशिके लांबलचक दोरा घेतात आणि मग गुंता सोडवण्यात बैठक संपते.

सातवी पायरी: नमुने देणे-घेणे

सुलट-उलट टाके, खांब, काजटाका, केबलचा पीळ ही सर्वांची सामायिक संपत्ती आहे. टाक्यावर कोणाची मालकी नसते. मात्र एखाद्याने लिहिलेला नमुना, काढलेला आलेख आणि छायाचित्रे यांवर त्याचा हक्क असतो, आणि विकत घेतलेल्या नमुन्याची प्रत काढून गटात वाटणे हे त्याच्या कष्टाचे मोल बुडवणे आहे. आपले पुस्तक वाचायला देणे वेगळे आणि त्याच्या दहा छायाप्रती काढणे वेगळे. सर्वांना एकच वस्तू करायची असेल, तर प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी किंवा कर्त्याने मुक्तपणे वापरायला दिलेला नमुना निवडावा. स्वतः रचलेला नमुना देताना त्यावर आपली अट एका ओळीत लिहून ठेवावी.

आठवी पायरी: उरलेल्या लोकरीची देवघेव

छंद जितका जुना, तितकी कपाटातील लोकर जास्त, त्यामुळे देवघेव हा गटातील सर्वांत आनंदाचा कार्यक्रम असतो. त्यातही दोन खबरदाऱ्या घ्याव्यात.

पहिली कसरीची. लोकर कुरतडते ती पतंगाची अळी. उडणारा पतंग काही खात नाही, पण तो दिसला म्हणजे अंडी घातली गेली असण्याची शक्यता असते. बाहेरून आलेली खरी लोकर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे लोकरीवर ओल धरत नाही.

दुसरी खबरदारी धागा ओळखण्याची. आवरण नसलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून जाळून पाहावा. खरी लोकर जळक्या केसांचा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. सूत कागदासारखे जळते. अॅक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. ही माहिती चिठ्ठीवर लिहून गुंड्याला बांधावी. रंगवणीच्या घाण्याचा क्रमांक माहीत असेल तर तोही लिहावा, कारण एकाच रंगक्रमांकाच्या दोन घाण्यांतला फरक गुंड्यात दिसत नाही, पाठीच्या मधोमध मात्र स्पष्ट दिसतो.

नववी पायरी: सर्वांनी मिळून एक वस्तू

गट चार-सहा महिने टिकला की चौकोन जोडून पांघरूण करावे, असे कोणीतरी सुचवतेच. कल्पना चांगली आहे, पण तिची आखणी आधी व्हायला हवी. १५ सेंटिमीटरचे चौकोन, आडवे सहा आणि उभे आठ, म्हणजे एकूण ४८ चौकोन घेतले की ९०×१२० सेंटिमीटरचे पांघरूण होते. सहा जणांत प्रत्येकी आठ चौकोन येतात, आणि हे एवढे काम दोन महिन्यांत आरामात होते.

खरी अडचण येते ती वेगवेगळ्या हातांची. ‘सर्वांनी ३० टाके घाला’ असे सांगितले, तर कोणाचा चौकोन १४ सेंटिमीटरचा येतो आणि कोणाचा १७चा. त्यापेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके विणावे. दोन-तीन टाक्यांनी सुरुवात करून सर्व ओळी सुलट विणायच्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचे. बाजूची कड १५ सेंटिमीटर झाली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका कमी करत संपवायचे. येथे टाके मोजावेच लागत नाहीत, कड मोजली की झाले, आणि घट्ट हाताच्या व सैल हाताच्या माणसाचे चौकोन एकाच मापाचे होतात. सामूहिक कामासाठी इतकी निरुपद्रवी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

सर्वांनी एकाच प्रकारचा धागा वापरावा, हा नियम मात्र शिथिल करू नये. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होते. अॅक्रिलिकचे तसे होत नाही. दोन्ही मिसळले, तर पहिल्याच धुण्यात पांघरूण जागोजागी चुणते. ते एखाद्या संस्थेला द्यायचे असेल, तर विणायला बसण्यापूर्वीच त्यांना काय चालते ते विचारावे. अनेक ठिकाणी यंत्रात धुता येणारेच कपडे घेतात.

चौकोन जमा झाल्यावर प्रत्येक चौकोन ओला करून, पिना लावून, १५ सेंटिमीटरवर ताणून वाळवावा. मग सगळे जमिनीवर मांडून रंगांची जुळणी एकत्र बसून ठरवावी आणि मांडणीचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण उचलताना क्रम हमखास बदलतो. जोडण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे, म्हणजे शिवण सर्वत्र सारखी येते. बाकीच्यांनी टोके आत ओवून द्यावीत, कारण ते काम कोणालाच आवडत नाही आणि एकट्यावर टाकणे अन्यायाचे होईल. शेवटी मागच्या कोपऱ्यात एक लहान कापडी पट्टी शिवून तिच्यावर धाग्याचा प्रकार आणि धुण्याची पद्धत लिहावी, आणि वापरलेल्या प्रत्येक रंगाची दोन-दोन मीटर लोकर एका पुडीत बांधून पांघरुणाबरोबर द्यावी, म्हणजे पुढेमागे कोठे उसवले तर त्याच लोकरीने सांधता येईल.